सोलापूरकरांनी स्कूबा शिकायचं ठरवलं तर: कोर्स, कार्ड आणि घाटाचा हिशेब

मालवणची सहल करून आलेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये एक व्हिडिओ हमखास असतो. तोंडात नळी, डोळ्यांवर मास्क, भोवती पट्ट्यापट्ट्यांचे मासे आणि कॅमेऱ्याकडे बघून हलवलेला हात. नीट बघितलं तर मागे आणखी एक माणूस दिसतो. सिलिंडर त्यानेच धरलेलं असतं. कुठे वळायचं, किती खाली जायचं, वर कधी यायचं हे सगळं तोच ठरवतो. पाहुण्याने फक्त श्वास घ्यायचा. याला अनुभव डाइव्ह म्हणतात आणि त्यात मजा भरपूर आहे. पण रिक्षात मागे बसून सात रस्त्यापर्यंत गेलो म्हणजे रिक्षा चालवता आली असं होत नाही.

हा लेख ज्यांना स्कूबा, म्हणजे सिलिंडरची हवा घेत पाण्याखाली फिरणं, स्वतः शिकायचंय त्यांच्यासाठी आहे. समुद्र आपल्यापासून लांब आहे, ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. कोर्सचा बराचसा भाग घरी, डॉक्टरकडे आणि पोहण्याच्या तलावात होतो. समुद्र शेवटी येतो. लोकांचं गाडं अडतं ते उलट्या क्रमामुळे. आधी हॉटेल आणि बोटीचं बुकिंग होतं, मग धक्क्यावर उभं राहून आरोग्याचा फॉर्म भरला जातो, आणि दमा असलेल्या माणसाला तिथे दोनच वाटा उरतात: खोटं लिहायचं नाहीतर पैसे सोडायचे.

कार्ड कशाचं असतं

शिकून झाल्यावर जे कार्ड मिळतं ते सरकारी लायसन्स नव्हे. छंद म्हणून डायव्हिंग शिकवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्था आहेत आणि कार्ड त्या देतात. १९६६ साली अमेरिकेत सुरू झालेली पाडी भारतात सगळ्यात जास्त दिसते. एसएसआय १९७० ची. युरोपात वजन असलेली सीमास १९५९ ची, आणि तिचे पहिले अध्यक्ष समुद्राखालचं जग दाखवणारे फ्रेंच संशोधक झाक कूस्तो होते. नाउई नावाचीही एक जुनी संस्था आहे.

कोणती निवडायची यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. माझ्या मते तो वेळ वाया जातो. या सगळ्यांच्या पहिल्या कोर्सला एक सामाईक मोजपट्टी आहे, आयएसओ २४८०१. तिचा पहिला भाग देखरेखीखाली डाइव्ह करणाऱ्यांसाठी आहे, खोली १२ मीटरपर्यंत. दुसरा भाग स्वतंत्र डायव्हरसाठी, म्हणजे जो आपल्याच पातळीच्या जोडीदारासोबत, गाइडने हात न धरता, ओळखीच्या परिस्थितीत २० मीटरपर्यंत जाऊ शकतो. तिसरा भाग इतरांना घेऊन जाणाऱ्यांसाठी. ‘ओपन वॉटर’ नावाचा कोर्स या दुसऱ्या भागाशी जुळतो. पाडी आणि एसएसआय त्यासाठी १८ मीटरची मर्यादा सांगतात. नवख्याने धरायचा कोर्स हाच. एकीचं कार्ड दुसरीच्या केंद्रावर सर्रास चालतं.

मालवणला किंवा गोव्यात अनुभव डाइव्हनंतरही एक कागद देतात, फोटोसह, लॅमिनेशन करून. तो आठवण म्हणून भिंतीवर लावा. कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला किंवा अंदमानला जाऊन तो दाखवलात तर तुम्हाला पुन्हा अनुभव डाइव्हच्याच रांगेत उभं करतील, आणि ते बरोबरच आहे.

वयाचं म्हणाल तर १० वर्षांपासून ज्युनिअर ओपन वॉटर करता येतं. पाडीत १० आणि ११ वर्षांच्या मुलांना १२ मीटरची मर्यादा असते आणि सोबत आई-वडील, पालक किंवा व्यावसायिक डायव्हर लागतो. पूर्ण कार्ड १५ व्या वर्षापासून.

सगळ्यात आधी फॉर्म

पैसे भरण्याआधी डायव्हिंगचा आरोग्य फॉर्म डाउनलोड करा. पहिल्या पानावर दहा प्रश्न असतात. फुप्फुसं, हृदय, फिट्स, कान आणि सायनस, मधुमेह, झालेली ऑपरेशनं, चालू गोळ्या वगैरे. काही प्रश्नांना ‘हो’ आलं तर थेट डॉक्टरची सही लागते, काहींना पुढच्या पानावरचे खुलाशाचे प्रश्न सोडवावे लागतात. सगळीकडे प्रामाणिकपणे ‘नाही’ असेल तर तुमची स्वतःची सही पुरते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याकडच्या फॅमिली डॉक्टरकडे डायव्हिंगचा पेशंट सहसा येत नाही. नुसतं ‘फिटनेस सर्टिफिकेट द्या’ म्हणालात तर बीपी बघून, छातीला स्टेथोस्कोप लावून ते सही करून देतील, जशी शाळेच्या सहलीला देतात. तसं करू नका. फॉर्मसोबत डॉक्टरांसाठी मार्गदर्शक टिपा मिळतात, त्यांची प्रिंट काढून घेऊन जा आणि वाचायला वेळ द्या. दमा, पूर्वी झालेला फुप्फुसांचा आजार, फुटलेला कानाचा पडदा यातलं काही असेल तर संबंधित तज्ज्ञाकडेच जा. गरोदरपणात डायव्हिंग करत नाहीत, यात चर्चा नाही.

कान मात्र निरोगी माणसानेही आधी तपासून घ्यावेत. मळ साठलेला असतो आणि ते आपल्याला माहीतच नसतं. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारल्यावर दोन्ही कानांत ‘टप्‌’ असा आवाज येतो का, हे घरीच करून बघा. पाण्यात खाली उतरताना दर मीटरभराला हेच करायचंय, आणि कान दुखायला लागण्याआधी करायचंय. दुखेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. सर्दी असेल त्या दिवशी डाइव्ह नाही. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरायचं असंही नाही; तिचा असर पाण्यातच उतरला तर वर येताना हवा कानात अडकते.

पोहता येतं म्हणजे किती

पाडीची अट अशी: न थांबता २०० मीटर पोहायचं, वेळेची मर्यादा नाही. मास्क, फिन्स (पायातले पंख) आणि स्नॉर्केल (श्वासाची नळी) लावून पोहणार असाल तर ३०० मीटर. शिवाय १० मिनिटं कशालाही न धरता तरंगायचं.

उत्तर सोलापूर, मोहोळ, पंढरपूर भागातली मंडळी यावर हसतील. ज्याने लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलंय, काठावरून सूर मारलेत, त्याला २०० मीटर म्हणजे काय? पण विहिरीतलं पोहणं गोल असतं, दोन-चार हात मारले की काठ. सलग आठ वेळा २५ मीटरची लांबी कापताना दम कुठे तुटतो ते तलावातच कळतं. म्हणून महिनाभर आधी महापालिकेच्या किंवा एखाद्या क्लबच्या तलावावर बॅच लावा. वेग नको, एका लयीत पोहा.

विहिरीत शिकलेल्यांची दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. त्यांचा सगळा अभिमान दम रोखण्यात असतो. बुडी मारून तळाची माती वर आणायची, कोण जास्त वेळ खाली राहतो ते बघायचं. स्कूबाचा पहिला नियम नेमका याच्या उलट आहे: श्वास कधीही रोखायचा नाही.

कारण साधं आहे. समुद्रात दर १० मीटरला दाब सुमारे एका वातावरणाने, म्हणजे पृष्ठभागावर हवेचा असतो तेवढ्याने, वाढतो. पृष्ठभागावर एक, १० मीटरवर दोन, २० मीटरवर तीन. विहिरीत बुडी मारणारा वरून छाती भरून जातो. खाली हवा आकसते, वर येताना मूळ मापाला येते, बिघडत काही नाही. स्कूबावाला मात्र १० मीटर खाली असताना, दुप्पट दाबाची हवा छातीत भरून घेतो. ती घेऊन तोंड मिटून वर आला तर तीच हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुसं फाटू शकतात, हवेचा बुडबुडा रक्तात जाऊन मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. त्याला १० मीटरही लागत नाहीत. छाती गच्च भरलेली असेल तर तलावातले चार फूटसुद्धा पुरतात. म्हणून चांगला पोहणारा विद्यार्थी हा इन्स्ट्रक्टरला जास्त लक्ष ठेवायला लावणारा विद्यार्थी असतो.

जाता जाता: सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो. बातम्यांत कायम ‘ऑक्सिजन सिलिंडर’ छापतात. आत असते ती आपण श्वासात घेतो तीच हवा, गाळून आणि २०० बारच्या आसपास, म्हणजे बाहेरच्या हवेच्या सुमारे २०० पट दाबाने भरलेली. शुद्ध ऑक्सिजन घेऊन सहा मीटरच्या खाली गेलात तर तो विषासारखा वागतो आणि पाण्यात झटके येऊ शकतात.

थिअरी घरी, तलाव पुण्यात

थिअरी आता बहुतेक ठिकाणी ऑनलाइन असते. दाब, तरंगणं, साहित्य, हाताच्या खुणा, डाइव्हचं नियोजन. बारावी सायन्स झालेल्याला नवीन फारसं काही नाही, कॉमर्सवाल्याला चार संध्याकाळी जास्त लागतील. पाडीच्या अंतिम परीक्षेत ७५ टक्के लागतात. इंग्रजीत अडलं तर इन्स्ट्रक्टरला मराठीत किंवा हिंदीत समजावून मागा, लाजू नका. एखादा नियम न समजता पाठ झाला तर पाण्यात त्याचा काही उपयोग नाही.

पुढचा टप्पा तलावातला. पाडीत त्याची पाच सत्रं असतात. पुण्यामुंबईत तलावातलं प्रशिक्षण देणाऱ्या संस्था आहेत. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जायचं आणि रात्री परतायचं, असं एक-दोन रविवारी जमू शकतं. मग तिथून रेफरल घ्यायचा, म्हणजे थिअरी आणि तलाव पूर्ण झाल्याचा कागद, आणि समुद्रातले डाइव्ह दुसऱ्या केंद्रावर करायचे. पाडीचा रेफरल १२ महिने चालतो. समुद्राच्या केंद्राला आधी फोन करून रेफरल घेता का, हे मात्र विचारून ठेवा. सगळं एकाच जागी करायचं असेल तर तारकर्लीला एमटीडीसीची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कूबा डायव्हिंग अँड ॲक्वाटिक स्पोर्ट्स आहे. तिथे प्रशिक्षणासाठी खास खोल तलाव बांधलेला आहे. त्यासाठी सलग चार-पाच दिवस काढायला हवेत.

तलावात बहुतेकांना घाम फोडणारी गोष्ट म्हणजे मास्कमधलं पाणी काढणं. तळाशी गुडघ्यांवर टेकलेले असता. इन्स्ट्रक्टर खूण करतो, तुम्ही मास्कची वरची कड बोटाने किंचित उचलता. थंड पाणी कपाळावरून आत येतं, डोळे चुरचुरतात, मग नाक पाण्यात बुडतं. तोंडात रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा देणारं यंत्र आहे, हवा मिळतेय, तरीही शरीर ओरडतं, ऊठ. कारण नाकात पाणी म्हणजे बुडणं, हेच आपण जन्मभर शिकलोय. अशा वेळी तोंडाने दोन सावकाश श्वास घ्या. मग मास्कची वरची कड कपाळावर दाबून धरा, मान थोडी वर करा आणि नाकाने एक लांब उच्छ्वास सोडा. हवा वरच्या भागात साठते आणि पाण्याला खालच्या कडेतून बाहेर ढकलते. एका उच्छ्वासात नाही निघालं तर दुसऱ्यात निघेल.

घरी याची तयारी होते. बादलीत तोंड बुडवून, नाक न धरता, स्नॉर्केलने पाच मिनिटं श्वास घ्या. घरचे हसतील, हसू द्या. नाक पाण्यात असताना तोंडाने शांतपणे श्वास घेता येतो, एवढं शरीराला पटलं की मास्कची भीती निम्मी होते.

बाकीची कौशल्यं त्या मानाने सोपी. तोंडातून सुटलेला रेग्युलेटर शोधून परत लावणं, जोडीदाराच्या जादा रेग्युलेटरमधून हवा घेणं, बीसीडी जॅकेटमध्ये हवा कमी-जास्त करून अधांतरी स्थिर राहणं. या शेवटच्याला वेळ द्या. जो स्थिर राहू शकत नाही तो समुद्रात प्रवाळ तुडवतो, हातवारे करतो आणि दुप्पट हवा खातो.

खुणांपैकी एक आताच घोटून घ्या. आपल्याकडे अंगठा वर म्हणजे ‘झकास’. पाण्यात अंगठा वर म्हणजे ‘मला वर जायचंय’. ठीक आहे म्हणायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. मजा येतेय म्हणून अंगठा दाखवत राहिलात तर इन्स्ट्रक्टर निमूटपणे डाइव्ह संपवेल.

समुद्र कुठला, आणि केंद्राला काय विचारायचं

ओपन वॉटरसाठी समुद्रात किमान चार डाइव्ह लागतात आणि ते एका दिवसात उरकता येत नाहीत, किमान दोन दिवस. कोणी ‘एका दिवसात कार्ड’ म्हणालं तर फोन ठेवून द्या.

पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर डायव्हिंग बंद असतं. ऑक्टोबर ते मे हा हंगाम. मालवण-तारकर्ली जवळ, भाषा आपली, पण पाणी कधी गढूळ निघतं. मुर्डेश्वरजवळचं नेत्राणी बेट विजयपूर-हुबळीमार्गे गाठता येतं. पाणी बहुधा जास्त स्वच्छ, पण बोटीचा तास-दीड तासाचा प्रवास पोटाची परीक्षा घेतो. गोव्यात ग्रँड आयलंड आहे. सवड आणि पैसे असतील तर अंदमान, तिथली मजा वेगळीच.

केंद्राला विचारायचं ते असं. इन्स्ट्रक्टरचा क्रमांक द्या. तो संस्थेच्या साइटवर टाकून चालू स्थितीत आहे का बघता येतं. एका इन्स्ट्रक्टरमागे विद्यार्थी किती? पाडीची समुद्रातली कमाल मर्यादा आठ आहे, पण गढूळ पाण्यात आठ जण म्हणजे गर्दी; चारपेक्षा जास्त सांगितले तर मी दुसरीकडे बघेन. बोटीवर आपत्कालीन ऑक्सिजन असतो का? (हा खराखुरा ऑक्सिजन, अपघात झाल्यावर द्यायचा.) जवळचं दाब-उपचार केंद्र, म्हणजे डायव्हिंगच्या आजारावर दाबाच्या खोलीत उपचार करणारं ठिकाण, कुठे आहे? या प्रश्नावर जो अडखळतो त्याने त्याचा विचारच केलेला नसतो. शेवटी पैसे: फीमध्ये अभ्यास साहित्य, कार्डाचा खर्च, भाड्याचं साहित्य आणि बोट सगळं धरलंय का, हे लेखी घ्या. ‘स्वस्त’ कोर्स बहुतेक वेळा कार्डाच्या खर्चावर येऊन महाग होतो.

साहित्य सुरुवातीला विकत घेऊ नका. फार तर चेहऱ्याला बसणारा मास्क घ्या. चष्मा असेल तर नंबरच्या काचेचा मास्क मिळतो. टॉवेल मात्र घरचाच न्या, किनाऱ्यावर भाड्याने मिळतो तो बघून सोलापूरकराचा जीव कळवळतो.

परतीचा घाट

हा भाग किनाऱ्यावरच्या लोकांना लागू नाही, म्हणून तिथे कोणी फारसं सांगतही नाही.

पाण्याखाली दाबाची हवा घेतल्याने नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि वर आल्यावर तासन्‌तास हळूहळू बाहेर पडतो. तो बाहेर पडायच्या आत तुम्ही कमी दाबाच्या जागी, म्हणजे उंचावर गेलात तर सोड्याची बाटली एकदम उघडल्यासारखे बुडबुडे अंगात होऊ शकतात. सांधेदुखी, मुंग्या, चक्कर, वाईट प्रसंगी लकवा. म्हणून एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसायचं नाही, असा डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेचा सल्ला आहे. तो सुमारे ६०० मीटरपासूनच्या उंचीला लागू होतो.

आता आपला रस्ता बघा. आंबोली ६९० मीटरच्या आसपास. बाकी कुठल्याही घाटाने चढलात तरी कोल्हापूर साडेपाचशेच्या जवळपास, आणि खुद्द सोलापूर साडेचारशेच्या वर. दुपारी शेवटचा डाइव्ह, तीनला गाडी काढली, सहाला घाटमाथा, हे आपलं नेहमीचं वेळापत्रक इथे चालणार नाही. २०२५ च्या जूनमध्ये सोलापूर-गोवा विमान सुरू झाल्यापासून तर संध्याकाळी परतायचा मोह आणखी वाढलाय. शेवटचा डाइव्ह सकाळी ११ पर्यंत संपवा, ती रात्र किनाऱ्यावरच काढा, दुसऱ्या दिवशी सकाळी सहानंतर निघा. १९ तास झालेले असतात. हॉटेलची ती एक रात्र बजेटमध्ये आधीच धरा.

याच कारणाने कोणी ‘उजनीत का नाही करत?’ म्हणालं तर उत्तर तयार ठेवा. समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या वरच्या पाण्यातलं डायव्हिंग हे उंचीवरचं डायव्हिंग मानतात. त्याचे कोष्टक वेगळे, प्रशिक्षण वेगळं. उजनी साधारण ४९० मीटरवर आहे. त्यात तळाला गाळ, आत बुडालेली झाडं-घरं आणि दिसणार काही नाही.

कार्ड मिळाल्यावर

गावाकडून पहिला फोन येतो तो असा: ‘दादा, तू ते पाण्यातलं शिकलास ना? विहिरीत मोटर पडलीय, जरा काढून दे.’ नाही म्हणा. अरुंद विहीर, शून्य दिसणं, लोंबणारे दोर आणि पाइप, जवळपास विजेची तार; ओपन वॉटर कार्डात यातल्या कशाचंच शिक्षण नाही. धरणाचं दार, पुलाचा पाया, बुडालेल्या माणसाचा शोध ही कामं व्यावसायिक किंवा बचाव डायव्हर करतात. त्यांचं प्रशिक्षण आणि साहित्य निराळं असतं. ओळखीखातर तर अजिबात उतरू नका.

पुढचा कोर्स ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर, पाच डाइव्ह, मर्यादा ३० मीटर. केंद्रवाले तो लगेच जोडून विकतात. आधी निवांतपणे काही साधे डाइव्ह करा, मग बघा. त्यापुढे रेस्क्यू आणि १८ वर्षं पूर्ण झालेल्यांना डाइव्हमास्टर.

कार्डाची मुदत संपत नाही, हाताची सवय मात्र सुटते. आपण समुद्रापासून लांबचे, दोन डाइव्हमध्ये वर्ष सहज जातं. म्हणून प्रत्येक डाइव्हची खोली, वेळ, सुरुवातीची आणि शेवटची हवा, पाण्यात खाली जायला अंगावर किती वजन लावलं हे वहीत लिहून ठेवा; पुढच्या वेळी वजनाचा अंदाज तिथूनच येतो. वर्षभराचा खंड पडला असेल तर केंद्राला बुकिंगच्या वेळीच सांगून पहिल्या दिवशी उजळणीचं सत्र मागून घ्या.